आजारी खुर्ची

सुतारकाका दुकानाच्या दारात बसून करवतीला कानस मारत होते, तेव्हा फोन नुसता टिंग करून गप्प झाला. असल्या टिंगकडे काका सहसा लक्ष देत नसत. टिंग म्हणजे मेसेज, मेसेज म्हणजे बहुतेक इंग्रजी, आणि ज्याला खरोखर काही सांगायचं असतं तो माणूस सरळ फोन करतो, असा त्यांचा अनुभव होता. पण त्या दिवशी सकाळपासून ते याच टिंगची वाट बघत होते. करवत बाजूला ठेवून त्यांनी पडद्यावर पाहिलं. ‘झुलती खुर्ची’ असं नाव होतं. गिऱ्हाइकांची नावं काकांच्या लक्षात राहत नसत, त्यामुळे त्यांच्या फोनमध्ये सगळी माणसं ‘दिवाण’, ‘जुनं कपाट’, ‘पुस्तकांची मांडणी’ अशा नावांनी नांदत होती.

झुलती खुर्ची म्हणजे एक नोकरी करणारी मुलगी. तिच्या आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस होता. आजोबांना पलंगावर पडलं की झोप येत नाही आणि खुर्चीत बसलं की गुडघा ठणकतो, ही तिची काळजी. दुकानातल्या भुश्शात उकिडवी बसून तिने आजोबा कसे कलंडतात, उठताना कुठल्या हाताने काय धरतात, हे सगळं काकांना करून दाखवलं होतं. असं गिऱ्हाईक काकांना आयुष्यात भेटलं नव्हतं. त्यांनी त्या खुर्चीत जीव ओतला. पाठीचा बाक पुन्हा पुन्हा काढून घातला. खुर्ची इतकी जमली की उरलेल्या लाकडात त्यांनी तशीच आणखी एक केली आणि ती सासूबाईंना देऊन टाकली, त्यामुळे सासरीही त्यांचा भाव वधारला.

मुलीची खुर्ची टेम्पोवाला सकाळीच पोचवून आला होता. एव्हाना आजोबा बसले असतील, या विचाराने काकांचं कशात लक्ष नव्हतं.

मेसेज इंग्रजीतच होता. मुलगी बोलायची स्वच्छ मराठीत, पण अंगठ्याने लिहायला लागली की इंग्रजीत शिरायची. काका फोन घेऊन दुकानामागच्या घरात काकूंकडे गेले. काकू बायकांच्या इंग्रजीच्या वर्गाला जात होत्या. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की अर्थ अंदाजाने लावायचा नाही, शब्द अडला की डिक्शनरी उघडायची. काकूंनी हे इतकं मनावर घेतलं होतं की न अडलेले शब्दसुद्धा त्या एकदा बघून घेत.

त्यांनी चष्मा लावला, जाडजूड डिक्शनरी मांडीवर घेतली आणि मोठ्याने वाचलं, “काका, द चेअर इज सिक.” मग पानं उलटली. “सिक. आजारी. रोगी. मळमळत असलेला.”

“कोण?” काकांनी विचारलं.

“खुर्ची.”

काकांनी खुर्चीचं लाकूड आठवून पाहिलं. मग म्हणाले की लाकूड आजारी असू शकतं, म्हणजे आत भुंगा असू शकतो, पण हा साग त्यांनी स्वतः ठोकून, वास घेऊन आणला होता. मळमळण्याचं मात्र त्यांना काही उमगेना. काकू म्हणाल्या, आधी पुढचं बघू.

पुढचं वाक्य सोपं होतं. आजोबा तिच्यात बसले आणि ‘गॉन’. गॉन म्हणजे गेले, हे काकूंना येत होतं, तरी त्यांनी काढून पाहिलं. डिक्शनरीतही ‘गेले’ असंच होतं.

“कुठे गेले?” काका म्हणाले.

काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. ऐंशी वर्षांचा माणूस खुर्चीत बसला आणि गेला असं कोणी कळवलं, तर कुठे गेला हे विचारायचं नसतं, हे मग काकांच्याही ध्यानात आलं. ते हळूच दाराच्या चौकटीला टेकले.

तिसरं वाक्य होतं, “आत्या लिटरली डाइड.” डाइडला डिक्शनरी लागली नाही. आशा होती ती ‘लिटरली’वर. जवळजवळ, थोडक्यात, असं काहीतरी निघेल म्हणून काका वाकून बघत होते. निघालं ते ‘शब्दशः, अक्षरशः, खरोखर’. एका बैठकीत दोन माणसं गेली होती, आणि दुसऱ्याबद्दल तर शंकेला जागाच ठेवलेली नव्हती.

शेवटचं वाक्य वाचून काकू थांबल्या. वाचून दाखवावं की नाही, असा त्यांना प्रश्न पडला. पण संसारात त्यांनी काकांपासून काही लपवलं नव्हतं. “यू किल्ड इट,” त्या म्हणाल्या. “किल म्हणजे ठार मारणे. जीव घेणे.” काकांचा चेहरा बघून त्यांनी सुटकेचा रस्ता शोधायला ‘इट’ पण काढला. “इट म्हणजे ते.”

“ते कोण?”

“ते म्हणजे आजोबाच की. मोठ्या माणसाला आपण ते म्हणतो ना. मुलगी वळणाची आहे हो. एवढ्या दुःखात तिने मान सोडला नाही.”

मेसेजच्या शेवटी पिवळ्या चेहऱ्यांची रांग होती आणि सगळ्या चेहऱ्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. त्यांचा अर्थ लावायला डिक्शनरीची गरज नव्हती.

काका खाली बसले. आजोबांचं वय झालं होतं, खुर्ची जरा जास्त मागे गेली असेल, छातीत धस्स झालं असेल, हे ते समजू शकत होते. पण आत्या कशा गेल्या, हे त्यांना कळेना. काकूंच्या मते आत्यांनी धसका घेतला. काकांच्या मते, वडिलांना अचानक काय झालं ते बघायला त्या स्वतः खुर्चीत बसल्या असणार. हे बोलता बोलता दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं. दुसरी खुर्ची काकूंच्या आईकडे होती.

काकूंनी आईला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, तरी तेच. मग मात्र दोघं चपला पायात सरकवून निघाले ते थेट पलीकडच्या गल्लीत. दार लोटलेलं होतं. आतमध्ये सासूबाई खुर्चीत मान एका बाजूला टाकून पडल्या होत्या आणि मांडीवरचा फोन वाजून वाजून थकला होता. काकूंनी “आई” अशी हाक मारली की शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली. सासूबाईंनी एक डोळा उघडून काय जळतंय असं विचारलं.

त्या जिवंत होत्या. आता त्यांना खुर्चीतून उठवायचं होतं, आणि खरं कारण सांगायची सोय नव्हती. पाऊणशे वर्षांच्या बाईला, तू बसली आहेस त्या खुर्चीने सकाळपासून दोन बळी घेतलेत, असं कसं सांगणार. काका म्हणाले, पॉलिश राहिलंय. सासूबाईंनी खुर्चीच्या हातावर आपला चेहरा दिसतो तो त्यांना दाखवला. काका म्हणाले, सांधा सैल आहे. सासूबाईंनी दोन झोके घेऊन दाखवले. मग सासूबाईंनी आपलं मत सांगितलं. जावई भर दुपारी धापा टाकत दिलेली वस्तू परत न्यायला येतो, त्याअर्थी ती त्याच्या बहिणीच्या मनात भरली असणार. असं होणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट आवळले.

“आई, ऊठ. तुला माझी शपथ आहे,” काकू शेवटी म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

सासूबाई उठल्या. पण उठताना त्यांनी जावयाकडे जे पाहिलं, त्याने काकांना आपण खरंच कोणाचा तरी खून केला असावा असं वाटलं.

खुर्ची डोक्यावर घेऊन काका परत आले तेव्हा समोरच्या दुकानातला वायरमन पंख्याची मोटर उघडून बसला होता. काय झालं, असं त्याने सहज विचारलं आणि काकांना राहवलं नाही. वायरमनने सगळं ऐकून घेतलं. त्याचा मावसभाऊ एकदा कुठल्याशा खटल्यात साक्षीदार होता, त्यामुळे कायद्याचं बरंचसं ज्ञान त्याच्याकडे आलं होतं. त्याने सल्ला दिला की मेसेजला उत्तर अजिबात द्यायचं नाही. लिहिलेलं सगळं पुढे अंगाशी येतं.

पण काकूंनी उत्तर देऊन टाकलं होतं. वर्गात दुःख व्यक्त करण्याचा धडा नुकताच झाला होता. आम्हाला फार वाईट वाटतं, आम्ही येत आहोत, असं त्यांनी इंग्रजीत कळवलं होतं, आणि मुलीचं उत्तरही आलं होतं. काकूंनी ते डिक्शनरी न सोडता वाचून दाखवलं. वाईट वाटून घेऊ नका, जरूर या, सगळ्यांना तुम्हाला बघायचंय. आजोबा अजून खुर्चीतच आहेत. त्यांना कोणी हलवलेलं नाही.

“पंचनाम्यासाठी ठेवलं असणार,” वायरमन म्हणाला. “हलवायचं नसतं. आत्यांचं काय लिहिलंय?”

आत्यांचं काहीच लिहिलेलं नव्हतं. एकेक करून आवरत असतील, असा वायरमनने तर्क केला. ‘सगळ्यांना तुम्हाला बघायचंय’ हे वाक्य मात्र त्यालाही आवडलं नाही. मिस्त्री, चार दिवस कुठेतरी नातेवाइकांकडे जाऊन राहा, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. काकांनी अंगावरचा भुसा झटकला आणि धुतलेला सदरा मागितला.

“त्या पोरीने इथे खाली बसून मला दाखवलं होतं, आजोबा कसे बसतात ते,” ते म्हणाले. “तिला तोंड न दाखवता मी राहू कसा?”

निघताना त्यांनी करवत बरोबर घेतली. ती खुर्ची स्वतःच्या हाताने तिथेच कापून टाकायची, पुन्हा कोणाला बसू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढताना काकू काय बोलायचं याची मनात उजळणी करत होत्या. आतल्या खोलीतून बायकांचे आवाज येत होते. माणसं हसतायत की रडतायत हे जिन्यातून नीट कळत नाही, आणि काकूंना त्या वेळी त्यात काही शंका नव्हती. पुढचं दार अर्धवट उघडं होतं. दोघं पाय न वाजवता आत गेले.

खिडकीपाशी खुर्ची होती आणि खुर्चीत आजोबा होते. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, अंगावर गळ्यापर्यंत चादर. पायाशी फुलं ठेवली होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

काकांनी सुताराच्या नजरेने पाहिलं. मानेला नेमका हवा तिथे आधार मिळाला होता. दुखरा गुडघा मुलीने सांगितला तसाच सैल पडला होता. खुर्ची त्यांना मापून घेतल्यासारखी बसली होती. इतकं चांगलं काम हातून झालं आणि त्याचं असं व्हावं, याचं काकांना रडू आलं. ते दोन पावलं पुढे गेले आणि हलक्या आवाजात बोलू लागले.

“आजोबा, मला माफ करा. तुमची माझी ओळख नाही. पण तुमची नात तुमच्याबद्दल बोलायला लागली की थांबायची नाही, एवढ्यावरून तुम्ही कसे होतात ते मला कळलं. तुम्हाला झोप लागावी एवढंच माझ्या मनात होतं. एवढी लागावी असं नव्हतं.”

मागे काकूंना हुंदका फुटला. त्या आवाजाने आजोबांनी डोळे उघडले.

समोर दोन अनोळखी माणसं रडत उभी होती आणि त्यांतल्या एकाच्या हातात करवत होती. आजोबांनी करवतीकडे बराच वेळ पाहिलं. पण ऐंशी वर्षांत त्यांनी पुष्कळ काही पाहिलं होतं. ते शांतपणे म्हणाले, “कोण गेलं?”

काका सरळ माणूस. खोटं त्यांच्या तोंडून येत नसे.

“तुम्ही,” ते म्हणाले.

आजोबा विचारात पडले. त्या वयाला ही बातमी उडवून लावण्यासारखी नसते. त्यांनी गुडघा हलवून पाहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो दुखत नव्हता, त्यामुळे त्यांनाही क्षणभर खरं वाटलं.

तेवढ्यात आतून एक धडधाकट बाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. तुम्ही कोण, असं काकूंनी त्यांना दबक्या आवाजात विचारलं, आणि मी आत्या, असं त्यांनी सांगताच काकू होत्या तिथे फरशीवर बसल्या. आत्यांच्या मागोमाग मुलगी बाहेर आली. काकूंनी फोन पुढे केला, डिक्शनरीत काय काय निघालं ते सांगितलं, आणि मग त्या घरात जे हसणं सुरू झालं ते आत्यांना खुर्ची धरून उभं राहावं लागेपर्यंत थांबलं नाही.

झालं होतं ते असं. मला कशातही झोप येत नाही, असली थेरं माझ्यासाठी करू नका, असं नातीला खडसावायला आजोबा सकाळी खुर्चीत बसले, आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत घोरायला लागले. ते पाहून आत्यांची हसून हसून पुरेवाट झाली. मुलीला एवढंच कळवायचं होतं. हल्ली एखादी गोष्ट फार आवडली की तिला सिक म्हणतात, आणि कोणी काम फत्ते केलं की त्याने किल केलं म्हणतात, असं तिने सांगितलं. रडणारे चेहरे खरं तर हसणारे होते. बोलताना तिचा चेहरा मात्र पडला. काका करवत घेऊन जिने चढून आले, यात त्यांनी दिवसभर काय सोसलं असेल ते तिला दिसत होतं. तिने अगदी मनापासून माफी मागितली.

“अगं, हसून हसून मेले, असं मराठीत लिहिलं असतंस तर मला लगेच कळलं असतं,” काका म्हणाले. “आम्ही रोजच मरतो तसं.”

काकूंना मात्र डिक्शनरीचं वाईट वाटत होतं. इतकं जाडजूड पुस्तक आणि आतली बातमीच त्याला नाही. त्यांनी मुलीला शेजारी बसवून घेतलं आणि असे आणखी कुठकुठले शब्द आहेत ते विचारून घेतलं. मुलीने एकेक सांगितला. काकू मान डोलावत होत्या. थोड्या वेळाने त्यांना त्यातलं सूत्र सापडलं.

“म्हणजे शब्द जेवढा वाईट, तेवढं कौतुक जास्त.”

बहुतेक तसंच, असं मुलगी म्हणाली.

इकडे आजोबांनी काकांना जवळ बोलावलं. मघाशी तुम्ही माझ्याबद्दल काहीतरी चांगलं बोलत होतात, ते जागं झाल्यामुळे अर्धवट राहिलं, असं ते म्हणाले. काकांना संकोच वाटला, पण वाढदिवसाचा माणूस आग्रह करत होता. नातीकडून ऐकलं होतं तेवढं सगळं त्यांनी आजोबांना पुन्हा सांगितलं. आजोबा डोळे मिटून ऐकत राहिले आणि तिसऱ्या वाक्याला झोपले.

सासूबाईंची खुर्ची त्याच संध्याकाळी परत गेली. खरं कारण ऐकल्यावर त्या सरळ खुर्चीत बसल्या आणि त्यांनी एक मोठा झोका घेतला. आजोबांकडे आलेल्या पाहुण्यांनी तशाच खुर्च्या सांगितल्या, वायरमनने आपण पहिल्यापासून धीर देत होतो असं गल्लीत सांगितलं, आणि काकांचे दिवस मोठ्या मजेत जाऊ लागले.

पुढच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांचा मेसेज आला. त्यांच्या दवाखान्यात पेशंटांना बसायला काकांनी नवा लांब बाक करून दिला होता. मेसेज इंग्रजीतच होता. काकूंनी चष्मा लावला, पण डिक्शनरीला हात लावला नाही.

“युअर बेंच इज टेरिबल,” त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. “टेरिबल म्हणजे भयंकर. आता यावरून तुम्हीच समजा.”

काका लाजले. काकूंनी पुढचं समजावून दिलं. पहिल्याच दिवशी दोन पेशंट ‘वेंट डाउन’, म्हणजे खाली गेले, म्हणजे बाक बघून पार खल्लासच झाले. आणि स्वतः डॉक्टरांना शॉक बसला.

“डॉक्टरांनासुद्धा?” काका म्हणाले.

काकू म्हणाल्या, एवढा शिकलेला माणूस, पण किती मोकळेपणाने लिहिलंय. असल्या मेसेजला गप्प राहणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी लगेच इंग्रजीत उत्तर पाठवलं: आपले मनापासून आभार, आपल्या बाकीच्या पेशंटांसाठीही आम्ही असंच करू. खाली एक लाल बदाम जोडला. संध्याकाळभर काका रंधा मारताना शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर स्वतःच दुकानात आले. काकांना धन्य वाटलं. त्यांनी दुकानातली सगळ्यात चांगली खुर्ची ओढून पुढे केली आणि रुमालाने झटकली. डॉक्टरांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती जरा दाबून पाहिली आणि ते उभेच राहिले. बाकाचा मधला पाय निसटला होता, पडलेल्या दोघांना सुदैवाने फारसं लागलं नव्हतं. पण ते त्यांनी नंतर सांगितलं. आधी त्यांनी खिशातून फोन काढला, काकूंचं उत्तर काकांसमोर धरलं, आणि दात काढण्याआधी पेशंटला धीर देतात तसल्या मऊ आवाजात विचारलं, “बाकीच्या पेशंटांपैकी आधी कोणाचा नंबर आहे, तेवढं सांगता का? म्हणजे त्यांना मी आज येऊ नका म्हणून कळवतो.”